कुरडईचं ऊन

…आन् तुम्हाला सांगतो, मी गेलतो फुलझाडं घ्यायला. खिशात यादी, हातात पिशवी, डोक्याला रुमाल. आन् ती नर्सरीवाली बाई मला काय विचारती? "भाऊ, तुमच्या घरी कुरडया कुठं वाळवतात?" आता मला सांगा, मी नर्सरीत उभा हाय का किराणा दुकानात? ताप आला म्हणून डॉक्टरकडं गेलं आन् त्यानं विचारलं तुमची म्हैस किती दूध देती, तर तुम्ही काय करसाल? मी म्हणलं, आपा, मला फुलं पायजेत. नांदेडच्या मे महिन्यात, भर दुपारी बाराला, रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई तवा फुलून उभी ऱ्हाणारी फुलं पायजेत. आन् ऊन म्हणसाल तर ऊन आमच्याकडं पोत्यानं हाय, उन्हाचं आम्हाला काय सांगता! तर ती बाई कुंडीतली माती बोटानं उकरत उकरत म्हणती, ऊन सगळ्या नांदेडाकडं हाय, तुमच्या अंगणात ते कुठं बसतं ते सांगा. ऊन बसतं! जणू काय पाहुणा हाय आन् आम्ही त्याला खुर्ची द्यायची राहिलीय!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळायचं न्हाई. बुडापासून सांगतो.

मी शेषेराव. पस्तीस वर्षं इथं नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात काढली, ती सगळी टाइमटेबलच्या टेबलावर. कोणती गाडी किनवटला किती वाजता, कुठं क्रॉसिंग, कुठं दोन मिनिटं थांबा आन् कुठं पाच, मला झोपेतून उठवून विचारा. मागच्या साली रिटायर झालो. हार, शाल, नारळ, सगळं रीतीप्रमाणं झालं, आन् साहेब भाषणात म्हणले की शेषेराव आता मस्तपैकी बागकाम करतील. आता मी जन्मात कधी बागकामाचं नाव काढलं न्हवतं हो! पण रिटायर माणसाबद्दल माइकवर बोलायला दुसरं असतं तरी काय? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् टाळ्या वाजल्या की माणसाला वाटतं, खरंच असंल बा. घरी येईपर्यंत रिक्षातच मी माळी झालतो.

आन् अंगण हाय आमच्याकडं. बारा बाय वीस. सगळ्या कॉलनीत आता तेवढीच उघडी माती राहिलीय, बाकीच्यांनी गेटापासून उंबऱ्यापर्यंत फरशी टाकून त्याच्यावर गाड्या उभ्या केल्यात. दिवाळीनंतर एक फुलांचं प्रदर्शन भरलं, तिथून मी पेटुनिया आणली, डेलिया आणला, आन् ते एक मांजराच्या तोंडावाणी फूल असतं बगा, पॅन्सी, ते आणलं. संक्रांतीपर्यंत काय थाट होता म्हणता! येणाऱ्याजाणाऱ्याला मी गेटावर थांबवून दाखवून राहिलो. आन् मग फेब्रुवारी आला, ऊन फिरलं, आन् आठ दिवसात सगळी मांजरं मान टाकून मोकळी. ती थंडीची फुलं होती म्हणं. मला कोण सांगणार? मग मी गुलाब आणले. उन्हाळा हाय, तहान लागत असंल बिचाऱ्यांना, म्हणून दिवसातून तीनदा बोरिंगचं पाणी घातलं. मुळं सडली. चौदा कुंड्या हो, चौदा, आन् चौदाच्या चौदात नुसत्या काड्या.

आता आमच्या घरचं सांगतो. आमची मंडळी, शिवकांता. माहेर मुरुडचं, लातूर जिल्ह्यातलं. बाई बोलायला कमी आन् कामाला वाघ. प्रत्येक मेलेलं झाड तिनंच उपटलं, तिनंच टाकलं, एका शब्दानं मला बोलली न्हाई. मला वाटलं काय सोशीक बाई हाय. आन् एक दिवस बाजारातून येऊन बघतो तर अंगणात संगप्पा मिस्त्री टेप लावून बसलेला! हा संगप्पा देगलूरचा, आमच्या कॉलनीतल्या निम्म्या फरश्या त्याच्याच हातच्या. मी म्हणलं हे काय? तर शिवकांता म्हणली, फरशी टाकून घेऊ, झाडायला सोपं. बास, एवढंच. संगप्पाला लग्नघरांच्या फरश्यांची कामं होती, तो म्हणला अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी येतो.

तुम्ही हसाल, पण मी घाबरलो. कारण रिटायर माणसाला सकाळी उठून जायला एक जागा लागती हो. पस्तीस वर्षं साडेनऊला डबा घेऊन निघालेला माणूस मी. ऑफिस गेलं, आता मी साडेनऊला चप्पल घालून अंगणात जात होतो. झाडं मरत होती, कबूल हाय, पण जायला जागा तर होती. तिच्यावर फरशी पडली की मग टीव्हीम्होरं बसायचं आन् चारला चहा कधी व्हतोय म्हणून आत बघायचं. मी तिला म्हणलं, मला एक चान्स दे. ती म्हणली, "अक्षय तृतीयेला अंगणात फूल दिसलं तर माती ऱ्हाईल. न्हाई तर फरशी."

फेब्रुवारी संपत आलेला. अडीच महिने. आन् कोणते अडीच महिने? जवा नांदेडातली माणसं भाजून वांगं होतात ते! म्हणून मी मालेगाव रोडला हुसेनबीच्या नर्सरीत गेलो. लोक म्हणत होते की उन्हाळ्यात फूल पायजे तर हुसेनबी आपाकडं जावा. त्यांच्या सासऱ्यापासूनचा धंदा. पासष्टीची बाई, बारीकशी, हाताच्या रेघात माती बसलेली, साडीचा पदर डोक्यावरून कानामागं खोचलेला. आन् त्यांची रीत अशी की त्या गिऱ्हाइकाला झाड दाखवतच न्हाईत. पहिल्यांदा तपासणी! पोलीस ठाण्यावाणी! घरचं तोंड कुणीकडं? शेजारी मजला किती? पाणी कितव्या दिवशी येतं? आन् सगळ्यात शेवटी तो सवाल, कुरडया कुठं वाळवता.

मी म्हणलं, का हो आपा, कुरडईचा आन् फुलाचा काय संबंध? तर त्या म्हणल्या, मी गिऱ्हाइकाला विचारते ऊन किती तास येतं, तर सगळे मर्द छाती काढून सांगतात की आपा, दिवसभर. दिवसभर कुणाच्याच घरी येत न्हाई. मर्दाला आपल्या घरचं ऊन माहीत नसतं. पण घरातली बाई कुरडई जिथं घालती तिथं सहा तासाच्या वर कडक ऊन असतंच असतं, न्हाई तर कुरडईला वास येतो आन् एवढी मेहनत पाण्यात. म्हणून मी कुरडई विचारते.

काय बाई हाय बगा! आम्ही ऑफिसात एवढं डोकं लावलं असतं तर…! पण ते मला आता कळतंय. तवा मला एकच कळत होतं, की मला उत्तर येत न्हाई. पस्तीस वर्षं कुरडया खाल्ल्या, डबे भरभरून खाल्ल्या, पण त्या वाळतात कुठं? मी दहा ते सहा ऑफिसात! मी संध्याकाळी यायचो तवा कुरडई डब्यात, डबा फळीवर. आन् म्होरं चार गिऱ्हाइकं उभी. टाइमटेबलच्या माणसानं माहीत न्हाई म्हणायचं? म्हणून मी डोकं खाजवलं. आन् आठवलं! एकदा सिक लीव्ह टाकून घरी होतो, तवा पाण्याच्या टाकीमागं बाजंवर धोतर अंथरलेलं आन् त्याच्यावर पांढरं पांढरं काहीतरी घातलेलं बघितलतं. मी ठोकून दिलं, टाकीमागं!

हुसेनबी म्हणल्या, पक्कं? मी म्हणलं, आपा, उन्हाचं आम्हाला काय सांगता!

मग त्यांनी झाडं काढून दिली. आन् समजावून किती सांगावं! झाडाचे दोन प्रकार, म्हणल्या. एक हंगामी, म्हणजे तीन-चार महिने जीव तोडून फुलायचं आन् बी टाकून जायचं. दुसरं बारमाही, ते दरसाल उभंच. मी म्हणलं, हे मला बरोबर समजतं, एक टेंपररी, एक परमनंट. तर त्या हसून म्हणल्या, हाव, आन् काम जास्त टेंपररीच करतो. हे ऐकून माझ्या काळजाला हात लागला, कारण ऑफिसात बी तसंच होतं. हंगामीत त्यांनी झिनिया दिली, कोंबडा दिला. गलांडा दिला, तो तांबडा-पिवळा, हारात असतो तो. चिनी गुलाब दिला, ज्याला फक्त नऊ-दहाच्या उन्हात उघडायचं आन् दुपार कलली की मिटायचं एवढंच ठाऊक. आता हे तर पक्कं आमच्या ऑफिसचं फूल! बारमाहीत सदाफुली. आन् वरून ताकीद, की उन्हाला लाडकी झाडं जादा पाण्यानं रुसतात, सकाळी एकदा बुडाला घाला आन् बुडाशी उसाचं पाचट पसरा.

मी सगळं तसंच केलं. तंतोतंत. टाकीमागं वाफा केला, संध्याकाळी लावली, पाचट पसरलं, सकाळी एकदा पाणी. तीन आठवडे. आन् काय सांगू, झाडं वाढली हो! फूटभर, दीड फूट! पण फूल? एक न्हाई! झिनिया नुसती लांबलचक, पिवळट, माना काढून गेटाकडं बघतीय, जणू कुणी न्यायला येणार हाय. चिनी गुलाबाच्या कळ्या आल्या, पण उघडायचं नाव न्हाई. नऊ वाजले, दहा वाजले, मी घड्याळ घेऊन म्होरं बसलेला, आन् ते साडेअकराला बी मिटलेलंच. असा लेट तर मी पस्तीस वर्षात बघितला न्हवता. शिवकांता आतून तांदूळ निवडत बघून राहिलीय. ती बोलत न्हाई तवाच जास्त लागतं.

डोकं फिरलं माझं. मार्च अर्धा संपला! मी एक झिनिया मुळासकट उपटली, पिशवीत घातली आन् गेलो भांडायला. सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणलं, आपा, हे काय दिलं? एवढ्या उन्हात एक फूल न्हाई? हुसेनबीनं ती झिनिया हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, दोन पानांमधलं अंतर बोटानं मोजलं, आन् म्हणल्या, भाऊ, ह्या पोरीनं ऊन बघितलेलंच न्हाई. मी उसळलो. म्हणलं तुम्हीच सांगितलं कुरडई वाळती तिथं लावा, तिथंच लावली. त्यांनी विचारलं, तुम्ही डोळ्यानं बघितलं? मी म्हणलं, ह्या डोळ्यानं. बाजंवर, धोतरावर, पांढऱ्या, लांब लांब.

हुसेनबीचा हात थांबला. "लांब?" त्या म्हणल्या. "भाऊ, कुरडई गोल असती. लांब शेवया असतात. आन् शेवया सावलीत वाळवतात, उन्हात त्यांचा भुगा होतो."

आता तुम्हाला खरं सांगू? मला माहीत हाय हो कुरडई गोल असती! ताटात गोलच येती! पण मला वाटायचं की ती आधी लांब असती आन् तळताना तेलात पडली की वळती! फुगती की न्हाई? मग वळती बी असंल! पस्तीस वर्षं मी हे धरून चाललो आन् कुणी मला विचारलंच न्हाई, तर कळणार कसं? एक गिऱ्हाईक बाई तर हसता हसता कुंडीवरच बसली. मी घरातली सगळ्यात गडद सावली हुडकून काढली आन् तिथं उन्हाची झाडं लावली. शोधून म्हणलं तरी दुसऱ्याला घावणार न्हाई अशी जागा!

पण हुसेनबी हसल्या न्हाईत. ती त्यांची गोष्ट मला लई भावली. नुसतं म्हणल्या, "उद्या भाभीला घेऊन या. झाड त्यांच्या हातानं घेऊ."

आता आली का पंचाईत! ज्या बाईनं मला मुदत दिली तिलाच जाऊन मदत मागायची? परीक्षेला बसलेल्या पोरानं मास्तरलाच उत्तर विचारायचं? दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी जेवताना सगळं सांगून टाकलं. शेवया, कुरडई, तेल, सगळं. ती तोंडाला पदर लावून बसली. पदर हालत होता, म्हणजे आत काय चाललंय ते मला समजून राहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून, चांगलं लुगडं नेसून, स्वतःहून गेटापाशी उभी. रिक्षात बसली.

आन् तिथं जे झालं ते मी जन्मात इसरणार न्हाई. त्या दोघी वेताच्या मुढ्यावर बसल्या समोरासमोर. हुसेनबीनं तोच सवाल टाकला. आन् आमची शिवकांता, जी लग्नाच्या मांडवात बी चार शब्द बोलली न्हवती, ती सुरू झाली! म्हणली, कुरडया अंगणाच्या मधोमध, सकाळी आठ वाजून दहा मिनिटाला ऊन येतं, शेजारच्या मजल्याची सावली पावणेचारला पोचती, पण दिवाळीनंतर अडीचलाच. तिथं कुरडई एका दिवसात कडक. पापड उंबऱ्याकडच्या अंगाला, तिथं ऊन दुपारपर्यंतच, म्हणून दोन दिवस लागतात. मिरच्या गेटापाशी, तिथं रस्त्याची झळ बी येती आन् भिंत बी तापती, तिथं काय बी ठेवा, करपतंय. सांडगे तुळशीच्या डाव्या अंगाला. शेवया टाकीमागं, तिथं आठ महिने ऊनच न्हाई. आन् मे महिन्याच्या शेवटी ऊन हातभर सरकतं, तवा बाज सरकवावी लागती.

मी उभा. हातातली पिशवी हातातच. हे टाइमटेबल हाय हो! येण्याची वेळ, जाण्याची वेळ, थांबा, हंगामाप्रमाणं बदल! कागद न्हाई, रजिस्टर न्हाई, कंप्युटर न्हाई. माझ्या टेबलावर त्याच कामाला तीन माणसं होती आन् तरी चूक व्हायची. आन् ही बाई पस्तीस वर्षं सूर्याचं टाइमटेबल डोक्यात घेऊन माझ्यासंगं राहिली, मला चटणी-भाकर वाढली, आन् मला पत्ता न्हाई! मी भर नर्सरीत तिला म्हणलं, अगं, मग मला सांगितलं का न्हाईस? तर ती साधेपणानं म्हणली, "मला काय ठाऊक फुलाला बी तेच ऊन लागतं? मी आपलं कुरडयाचं ऊन बघते."

उन्हाचं आम्हाला काय सांगता, असं मी गावभर म्हणत हिंडत होतो. आन् सांगणारी घरात होती.

पाच मिनिटात दोघींनी मामला मिटवला. मला कुणी काही विचारलं न्हाई, मी बिल द्यायला आन् कुंड्या उचलायला. गेटापाशी मिरचीच्या उन्हात बोगनवेल, कारण तिला जेवढी झळ तेवढा रंग. तिच्या पायाशी घाणेरी, पिवळी-केशरी, ती बी बारमाही. उंबऱ्याकडं पापडाच्या उन्हात जास्वंद. टाकीमागं शेवयाच्या सावलीत अबोली, ती कमी उन्हात बी गुण्यागोविंदानं ऱ्हाती. आन् मधोमध, जिथं कुरडई एका दिवसात कडक होती, तिथं सदाफुली, गलांडा, चिनी गुलाब, बटणफूल. हुसेनबी म्हणल्या, मधली जागा लाखाची हाय भाभी. शिवकांता म्हणली, हाव, तिथंच तर माझ्या कुरडया असतात.

मला आत्ता उमगलं, मी काय मागून राहिलो ते. फुलं लावायची तर कुरडईची जागा द्यावी लागती. तिची जागा. मी रिक्षात म्हणलं, ऱ्हाऊ दे शिवकांता. तू फरशी टाक, मधोमध तुला वाळवणाला चांगली स्वच्छ जागा होईल. मी बसतो टीव्हीम्होरं. खरं सांगतो, मनापासून म्हणलं. ती रिक्षाच्या बाहेर बघत होती. मांडीवर गलांड्याची कुंडी, तिच्यावर तिनं पदर धरलेला, वारं लागू नये म्हणून. ती म्हणली, मुरुडला आमच्या बांधाला गलांडा होता, आई रोज सकाळी तोडायची. आन् मग म्हणली,

"मला कुठं फरशीची हौस हाय? एक झाड वाळलं की तुमचं तोंड उतरतं. वाळलेलं झाड मी उपटून टाकते, पण उतरलेलं तोंड कुठं टाकू? म्हणून म्हणलं, मातीच नको."

मी रिक्षावाल्याला म्हणलं, खड्डे बघून चालव बाबा, कुंड्या हाईत.

मग काय! संध्याकाळी तिनं स्वतः खुरपं घेतलं. मी खड्डा करायचा, ती म्हणायची, वीतभर इकडं. मी म्हणायचो, वीतभरानं काय होतंय? ती म्हणायची, पाऊण तास. आन् खरंच पाऊण तास! मी नंतर घड्याळ लावून बघितला. पंधरा दिवसात तिनं सगळ्यांचे शेंडे खुडले. मी ओरडलो, आत्ताच तर वाढायलीत! तर म्हणली, मेथीचा शेंडा खुडल्यावर फुटवा येतो का न्हाई? आला. एकाला चार फांद्या. फूल सुकलं की ती येताजाता चुटकीनं मोडायची, आन् मोडलं की दुसऱ्या दिवशी दोन कळ्या. सगळं तिला भाजीतनं, वाळवणातनं माहीत. मी बारा पानांचं माहितीपत्रक वाचत बसलेला, आन् तिचं काम होऊन ती भाकऱ्या थापायला गेलेली.

आन् एप्रिल आला. बेचाळीस. त्रेचाळीस. गोदावरीच्या पुलावर रिक्षावाले ओले टॉवेल डोक्यावर घेऊन चाललेले, पंखा लावला तर गरम वारं, आन् आमच्या अंगणात? काय सांगू तुम्हाला! नऊला पाच कमी असताना चिनी गुलाबाची पहिली कळी हालायची, सव्वानऊला निम्मा वाफा उघडा, पावणेदहाला सगळा लाल, पिवळा, राणी कलर! राइट टाइम! एक मिनिट लेट न्हाई! सदाफुली तर दुपारी दोनला बी हसून राहिलेली, आपल्याला तिच्याकडं बघायला डोळ्यावर हात धरावा लागतो आन् तिला काहीच न्हाई. बटणफूल तर ऊन लागलं की अजून जांभळं व्हायचं. मी रोज साडेनऊला चप्पल घालून ड्यूटीवर हजर. शेजारचे, ज्यांच्या घरी गेटापासून उंबऱ्यापर्यंत ग्रॅनाइट हाय, ते येऊन आमच्या कंपाउंडवर हात टेकून उभे. म्हणायचे, शेषेराव, तुम्ही मोठे जाणकार निघालात. मी म्हणायचो, मी न्हाई हो, जाणकार आत चपात्या लाटून राहिलीय. पहिल्यांदा ते हसायचे. मग मी मिरचीच्या उन्हाचा हिशोब सांगायचो, आन् त्यांच्या घरच्या बाया आत जाऊन शिवकांताला विचारायच्या, तवा त्यांचं हसू बंद व्हायचं.

अक्षय तृतीया झाली. दुसऱ्या दिवशी बोलल्याप्रमाणं संगप्पा टेप घेऊन हजर. लई शब्दाचा माणूस. गेट उघडलं आन् तिथंच उभा राहिला. दहा वाजलेले, सगळा वाफा फुललेला. पाय कुठं टाकावा त्याला समजेना. टेप गुंडाळत म्हणला, बाई, ह्याच्यावर फरशी टाकायला माझा हात न्हाई होणार. शिवकांता म्हणली, कोण टाकतंय? आन् त्याला चहा दिला, चिनी गुलाबाची मूठभर काडी कागदात बांधून दिली, आन् काडी कुठं लावायची हे सांगायच्या आधी विचारलं, "तुमच्या घरी कुरडया कुठं वाळवतात?" संगप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, बाबा, माहीत नसलं तर न्हाई म्हण, अंदाजानं सांगू नको.

जिंकलो म्हणायचं मी! माती राहिली, फुलं राहिली, सकाळी जायला जागा राहिली. मी तर खुशीत येऊन म्हणलं, शिवकांता, आता आपल्याला कशाचीच कमी न्हाई. ती म्हणली, एक कमी हाय. चिकाचे गहू तीन दिवसापासून भिजतायत, कुरडया घालायच्या कुठं?

गच्चीवर. दुसरी जागाच न्हाई. मधोमधच्या लाखाच्या जागेवर मीच बसवली ना सदाफुली! आन् गच्चीवर ऊन कसं? सकाळी सहा ते संध्याकाळी सात, मधी शेजाऱ्याचा मजला न्हाई, झाड न्हाई, काही न्हाई. वर कावळे हाईत, पारवे हाईत, आन् गुरुद्वाऱ्याकडनं येणारी दोन माकडं तर कुरडईचीच वाट बघून असतात. कुणीतरी काठी घेऊन बसायला पायजे. घरात रिकामं कोण हाय? तर हा बाबा! पाच दिवस झाले, डोक्याला ओला टॉवेल, हातात काठी, साडेनऊ ते चार गच्चीवर. माझी सगळी फुलं खाली फुललेली, आन् मी वरून त्यांच्याकडं बघून राहिलोय. काल दुपारी सहन होईना, तवा कठड्यावरून वाकून विचारलं, अगं ए, ही माझी ड्यूटी हंगामी हाय का बारमाही, एवढं तरी सांग.

तिनं गलांड्याचं एक सुकलेलं फूल मोडलं, वर बघितलं बी न्हाई, आन् म्हणली, "कुरडया झाल्या की पापड हाईत. पापड झाले की सांडगे. तवर मिरच्या येतेत."